सगळ्यात ढ पोरगं दाखवा

अठ्ठ्याहत्तरच्या जूनमध्ये कुंताबाईने पोरीसाठी दोन्ही सरकारी शाळा आधी पाहून यायचं ठरवलं, तेव्हा भंडाऱ्याची आमची अख्खी गल्ली हसली. पाहायचं काय त्यात? टाकीजवळच्या शाळेत साहेबांची पोरं जातात, म्हणून ती चांगली. टिनाच्या शाळेत नुसती आपलीच जातात, म्हणून ती वाईट. एवढी गुलामीची अक्कल आम्हा सगळ्यांना होती.

कुंताबाईला अक्षर येत नव्हतं. नवरा टिकाराम पितळेच्या घागरी ठोकायचा, ती घासून चकाकी आणायची. पोरगी सत्यवती चौथीत एकदा नापास, दुसऱ्या खेपेला कशीबशी पास. टिकारामने सांगून टाकलं होतं, "पाचवीत आपटली तं शाळा बंद. घागरी घासन."

टाकीजवळच्या शाळेत हेडमास्तर वासुदेवरावांनी कपाटातल्या ढाली दाखवल्या, स्कॉलरशिपवाल्यांचे फोटो दाखवले.

"हे राहू द्या गुरुजी," कुंताबाई म्हणाली. "तुमचं सगळ्यात ढ पोरगं दाखवा."

"ते कायले?"

"घागर घेताना आमी पोट नाई पाहात, सांधा पाहातो. गळते तं तिथंच गळते."

वासुदेवराव हसले. तेवढ्यात एक पोरगा केटली घेऊन आला. डोमा. पाचवीत दोनदा नापास.

"वर्ग चालू हाये ना रे? तू काहून इथं?" कुंताबाईने त्याला विचारलं.

"मी चहा आणतो," डोमा म्हणाला. "रोजच."

कुंताबाई उठली आणि टिनाच्या शाळेत गेली. पत्र्याचं छत तापलेलं, ढाल एकही नाही. तिथेही तिने तेच मागितलं. निर्मलाबाई शिकवत होत्या. "मागं बसा न पाहा," एवढंच त्या म्हणाल्या. शेवटच्या बाकावरची पोरगी धडा वाचता वाचता अडली. पुढच्यांचे हात भराभर वर गेले.

"हात खाली," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. पोरीने ओळ पुरी करेपर्यंत थांबल्या.

सत्यवतीचं नाव तिथे लागलं. शेजारची मंदाबाई वर्षभर म्हणत राहिली, "पोरीले टिनाखाली भाजून राहिली."

पुढच्या मे महिन्यात निकाल लागला. सत्यवती पास. पहिली-बिहिली नाही, पास. कुंताबाई तिला घेऊन थेट वासुदेवरावांसमोर उभी राहिली. "वाच वं, त्या ढालीवर काय लिवलं हाये."

सत्यवती वाचू लागली. ‘वक्तृत्व’वर अडली. वासुदेवराव सांगायला पुढे झुकले.

"थांबा गुरुजी. वाचते ते."

खोलीत सगळे थांबले. सत्यवतीने ओठ हलवून अक्षरं जुळवली आणि शब्द खणखणीत वाचला.

"आता डोमाचा शाळा सोडल्याचा दाखला द्या. टिनाच्या शाळेत टाकतो," कुंताबाई म्हणाली.

दारात डोमाची आई आनंदाबाई उभी होती. तिच्यामागे आणखी सात बाया, आपापली पोरं धरून.

वासुदेवरावांनी आठ दाखले लिहिले. मधे दोनदा चहासाठी हाक मारली. डोमा जागचा हलला नाही.