सशाच्या कानातली बाळी

"बाईसाहेब, ही मान बघा. सरळ ऱ्हातच नाय," गोदी म्हणाली.

तिच्या मांडीवर कापशी होती. पांढरीशुभ्र, गुंजेसारख्या लाल डोळ्यांची ससुली. तिचा उजवा कान खाली लोंबत होता आणि मान त्याच बाजूला कलली होती. बाईसाहेबांना ते पाहून हसूच आलं.

"अगं, नखरे आहेत तिचे! कानात सोनं पडलं की बाईची मान अशीच कलते," असं म्हणून त्या पुन्हा शेवया वळायला लागल्या.

सोनं पडलं होतं हे खरं. बाईसाहेबांचे यजमान चौबळसाहेब जव्हार संस्थानच्या नोकरीत होते. मुंबईला गेले असताना त्यांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलीसाठी, वेणूसाठी सशांची जोडी आणली, डहाणूपर्यंत आगगाडीनं आणि पुढे बैलगाडीनं. नर वाटेतच उन्हानं मेला. उरली ती कापशी, आणि तिचं सगळं करायला बंगल्यात झाडलोट करणारी गोदी नेमली गेली. गोदी मोखाड्याच्या वाटेवरच्या एका पाड्यातली, विधवा बाई. रानातले ससे तिनं पुष्कळ पाहिले होते, पण सशाच्या अंगावरून फणी फिरवायची असते हे ऐकून ती पहिले दोन दिवस तोंडाला पदर लावून हसत होती. पुढं तिलाच कापशीवाचून करमेनासं झालं.

मग वेणूच्या कानांचं निघालं. तान्हेपणी टोचलेली भोकं बुजली होती, ती पुन्हा टोचायची होती. भिका सोनार ओसरीवर येऊन बसला, हळद-कुंकू झालं, पाटावर बसवलेल्या वेणूनं सुई पाहिली आणि असा काही टाहो फोडला की बैल बुजले. "आधी कापशीचा टोचा! मग माझा!" कुणाचंच काही चालेना. वेणूच्या आजी म्हणाल्या, टोच रे बाबा, मुकं जनावर आहे, काय बोलणार आहे? सोनारानं कापशीचा कान चाचपला. पातळ जागी टोचला तर फाटेल, म्हणून त्यानं अगदी बुडाशी, जाड जागी सुई घातली आणि सोन्याची बारीक तार वळवून बाळी केली. कापशीला गोदीनंच धरलं होतं. सगळा बंगला हसला, वेणू हसली, आणि हसता हसता तिचेही कान टोचून झाले. वेणूचे आठ दिवसांत बरे झाले.

कापशीचा झाला नाही. तिसऱ्या दिवसापासून ती मागच्या पायानं कान खाजवायला लागली. थांबून थांबून डोकं झटकायची. कान हाताला गरम लागायचा. आतून खपली धरली आणि खपलीखालून वास यायला लागला. आजींनी रोज हळद घातलेलं कोमट तेल कानात ओतायला सांगितलं, गोदीनं ते निमूटपणे ओतलं. मग एका सकाळी तिनं उजव्या बाजूनं कोथिंबिरीची जुडी हलवली, तर कापशीनं तिकडं बघितलंच नाही. डाव्या बाजूनं हलवली तेव्हा आली.

गोदीनं तो कान नाकाशी धरला.

तो वास तिच्या ओळखीचा होता. चैतीच्या उशाला तोच यायचा. चैती तिची एकुलती एक पोर. सहा वर्षांची असताना कानावर तळहात मारून घेऊन रडायची. कान वाहायला लागला तेव्हा गोदीला बरं वाटलं होतं, घाण निघून जातेय म्हणून. मग पोर रडायची थांबली, तेव्हा तर आणखीच बरं वाटलं. मग मान कलली. सूर्यमाळचा भगत आला, वारं लागलंय म्हणाला, त्यानं कोंबडं घेतलं आणि राख लावली. तोही बिचारा मनापासून करत होता. चैती सरळ उभी राहीना, एकाच बाजूला पडायची. सातव्या दिवशी गेली. गोदीला एकेक खूण कळत गेली ती सगळी नंतर, एकटी बसल्यावर, आणि तेव्हा ती कळून काही उपयोग नव्हता.

या खेपेला मात्र वेळेवर कळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट वेळेवर कळली होती. ही ससुली वाचली पाहिजे, एवढंच तिच्या मनानं घेतलं. त्यानं चैती परत येणार नव्हती, हे काय तिला कळत नव्हतं? पण वाचली पाहिजे.

"बाळी काढू द्या, बाईसाहेब," ती शेवयांच्या ताटाजवळ बसून पुन्हा म्हणाली. "कानाच्या आत पू हाय. मना ठावं हाय."

"नवी बाळी सव्वा महिना काढत नाहीत," आजी आतून म्हणाल्या. "आणि तिची काढलीस तर वेणू स्वतःची काढून फेकेल. तेल घाल."

त्या दुपारी सगळे आडवे झाल्यावर गोदीनं लिंबाचा पाला उकळला. कापशीला पदरात गुंडाळून मागच्या अंगणात नेलं आणि नखांनी तार उलगडली. बाळीबरोबर पिवळा पू आला, पुष्कळ आला. तिनं कोमट पाण्याच्या बोळ्यानं कान पुसून काढला. कापशी थरथरत होती, पण पुसून झाल्यावर तिनं कोथिंबिरीची दोन पानं खाल्ली. गोदीला इतका आनंद झाला की ती बाळी घेऊन तशीच बाईसाहेबांच्या खोलीच्या दाराशी गेली.

"ही घ्या. दोन पानं खाल्ली तिनं!"

बाईसाहेब ताडकन उठून बसल्या. "सोन्याला हात लावायला तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी बाळी ताटलीत टाकायला लावली आणि वरून पाणी ओतलं. पानांबद्दल कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी कापशी गोल गोल फिरायला लागली. उजवीकडे वळायची, वळतच राहायची, मग कलंडायची. डोळे आपोआप हलायचे. पू कानाच्या पार आत गेला होता, बाळी निघायला चार दिवस उशीर झाला होता. फिरतीवरून आलेले चौबळसाहेब ओसरीच्या पायरीवरच थबकले.

"हे पिसाळलंय! वेणूला आत घ्या!"

"नाय साहेब, पिसाळलं नाय," गोदी पुढं झाली. इतक्या मोठ्यानं ती त्या बंगल्यात कधी बोलली नव्हती. "कान हाय तो. कान आत सडला का असा तोल जातो. पानी पिते ती, बघा. पिसाळलेलं पानी पिल का?"

साहेब थांबले. माणूस वाईट नव्हता. "तुला गं काय कळतं यातलं?"

आता खरं सांगितलं तर ऐकतील, असं गोदीला वाटलं. कुणालाच न सांगितलेलं तिनं सांगितलं.

"माझी पोर अशीच गेली, साहेब. असाच कान, अशीच मान. म्हनून मना कळतं."

 आजींनी वेणूला छातीशी धरलं.

"म्हणजे तुझ्या घरातलं दुखणं! ते तू आमच्या घरात आणलंस, आणि आमच्या पोरीला त्याच हातांनी खेळवत होतीस?"

 गोदीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. दहा मिनिटांत तिचा हिशेब झाला आणि सुकऱ्या शिपायाला हुकूम झाला की ससा लांब नेऊन मारून टाक.

गावाबाहेर आंब्याखाली सुकऱ्यानं पाड्याकडे निघालेल्या गोदीला गाठलं आणि सशाची टोपली तिच्यापुढं ठेवली. "ने. मी सांगन मारला म्हून. पन बाय, हा काय जगत नाय आथा."

"ठावं हाय मना," गोदी म्हणाली.

अर्ध्या दिवसाची वाट तिनं एका हातावर कापशीला घेऊन आणि दुसऱ्या हाताच्या तळव्यानं तिचं डोकं सरळ धरून तुडवली. हात काढला की मान पुन्हा कलायची.

पाड्यावर भाऊ ढवळू होता, भावजय हिरी होती, तीन पोरं होती. नागली संपत आली होती, त्या घरात आठवडाभर पेज पातळ होत चालली होती. हिरीनं पदरातला ससा पाहिला आणि तिचा चेहराच उजळला.

"जव्हारवरून ससा आनलास, ननंदबाय! केवडा हाय!"

"आजारी हाय तो. कान सडलाय त्याचा."

"मग कान फेकून देऊ," हिरी म्हणाली. ती साधेपणानं म्हणाली, त्यात काही वाईट नव्हतं.

पोरं भोवती येऊन बसली. कुणी काही मागितलं नाही. ती नुसती बघत राहिली, आणि ते गोदीला सोसवेना.

"आपसूक मरू दे," ती म्हणाली. "त्याच्या आधी कुनी हात लावू नका."

ढवळूनं मान हलवली आणि कोयता परत कुडात खोचला. गोदी दाराशी बसून राहिली, तळवा तसाच डोक्याखाली. ऊन उतरेपर्यंत कापशीनं वेळ घेतला. मग तिची मान हातात सैल झाली. गोदीनं कापशी हिरीच्या हातात दिली आणि हंडा घेऊन झऱ्यावर गेली. झरा जवळजवळ आटला होता. वाटीवाटीनं हंडा भरायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त ती तिथं बसली.

परत आली तेव्हा पोरं जेवत होती. हिरीनं तिचंही पान वाढलं होतं.

"जव्हारातूनच खाऊन आलू मी," गोदी म्हणाली.

हिरीला ते खरं वाटलं नाही, पण तिनं पान पोरांकडे सरकवलं. धाकटी, नाव काळी, चार वर्षांची. ती तेलकट बोटं चाटत आत्याच्या मांडीवर येऊन बसली. गोदीनं तिचं डोकं उजेडाकडे वळवलं, केस मागे सारले आणि एक कान पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला, मग दुसरा पाहिला. काळीला गुदगुल्या झाल्या आणि ती खिदळायला लागली.

दोन्ही कान चांगले होते. गोदी तरी पुन्हा पुन्हा बघत राहिली. काय बघायचं ते तिला आता पुरतं कळत होतं. दिसलं तर पुढं करायचं काय आणि जायचं कुणाकडं, हे मात्र तिला कुणीच कधी सांगितलं नव्हतं.