तिच्यासाठी म्हणून घेतलेली गाडी

मित्रांनो, मी बॅटरीवर चालणारी एक दुचाकी आहे. मला जुनी म्हणायचं की नाही, ते तुम्हीच ठरवा. वय माझं अवघं चार वर्षं. पण एवढ्यात माझा सांगाडा एकदा कापून पुन्हा जोडला गेला आणि मालकही बदलला. कारखान्यातून शेकड्यांनी निघणाऱ्या गाड्यांपैकी मी नव्हे. मला एका माणसाने मुद्दाम सांगून, कारागिराच्या मागे लागून, हवी तशी बनवून घेतलं. कुणासाठी बनवून घेतलं, हे सांगताना मात्र मला आजही अवघडल्यासारखं होतं.

त्या माणसाचं नाव टिकेश बिसेन. गोंदिया जिल्ह्यात बोदलकसा तलावाच्या अलीकडे त्याचं गाव आहे. घरी धानाची शेती. टिकेश मनाने चांगला, बोलका, कुणाच्याही मदतीला धावणारा. यंत्रांचं त्याला भारी वेड. त्याची बायको भूमेश्वरी ही गावची आशाताई. बाळंतिणींची विचारपूस करायची, नवजात बाळांचं झोळीत घालून वजन करायचं, तापाच्या आणि रक्तवाढीच्या गोळ्या पोचवायच्या, हे तिचं काम. गावापासून चार किलोमीटरवर जंगलाच्या कडेला गोंड कुटुंबांचा एक टोला, म्हणजे लहानशी वस्ती, आहे. तोही तिच्याकडेच होता. आठवड्यातून तीनदा ती तिथे पायी जायची. तिची जुनी सायकल चिखलात रुतायची आणि चढावर तिलाच ओढत न्यावी लागायची.

भूमेश्वरीने आपल्या मानधनातून दोन वर्षं पैसे बाजूला टाकले आणि एक दिवस नवऱ्याला म्हणाली, "मले एक लहानशी बॅटरीची गाडी पायजे. हलकी. बसल्यावर पाय जमिनीले टेकले पायजे. शेताच्या धुऱ्यावरून हातानं ढकलत नेता आली पायजे. बस, बाकी काही नाई."

टिकेश खूश झाला. "उद्याच गोंदियाले जातो," म्हणाला.

"उद्या गावच्या लेकरायचं लसीकरण आहे. परवा जाऊ ना, दोघंबी."

"तू कायले येतेस? मी आहो ना."

असं म्हणून तो दुसऱ्या दिवशी एकटाच निघाला.

गोंदियात रेल्वे लाइनच्या पलीकडे, एका गल्लीत, उमेंद्र नावाच्या कारागिराचं टिनाचं शेड आहे. आधी तो शेतकऱ्यांचे जळलेले पंप दुरुस्त करायचा. पुढे तो मागणीप्रमाणे बॅटरीच्या गाड्या बनवू लागला. टिकेशने शेडमध्ये गेल्या गेल्या लहान गाडीचीच चौकशी केली, हे मी खरं तेच सांगते. पण समोर स्टँडवर एक मोठी मोटर लावून ठेवली होती. उमेंद्रने ती सहज फिरवून दाखवली. चाक असं भिंगरलं की त्याच्या वाऱ्याने टेबलावरचे कागद उडाले. टिकेश त्या चाकाकडे पाहतच राहिला. त्याच क्षणी भूमेश्वरीचं बोलणं त्याच्या डोक्यातून निघून गेलं असावं.

"चलानेवाला कौन है, भैया?" उमेंद्रने विचारलं.

"बायको. म्हंजे आमी दोघंबी. जास्त करून मीच."

"भाभीजी की हाइट कितनी है?"

टिकेशने हात आपल्या खांद्याखाली कुठेतरी धरून दाखवला. "ते जमवून घेईल."

"तो इतनी पावर किसलिए? ढाई सौ वॉट में आराम से काम हो जाता है. ज्यादा लोगे तो नंबर लगेगा, कागज लगेंगे."

"ते पाहू पुढं. मले पाच हजार वॉटचीच पायजे. अन् उंच पायजे. रस्त्यानं निघाली तर लोकायनं वळून पाहालं पायजे."

उमेंद्रने थोडी मान हलवली आणि कामाला लागला. एवढी मोठी मोटर बसवायला त्याला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे त्याच्याही हाताला चेव आला. त्याने जाड पाइप वाकवून माझा सांगाडा केला, बोटभर लांबीचे सेल एक एक तपासून बॅटरी बांधली, मागच्या चाकात ती दांडगी मोटर बसवली. हँडलवर वेगाची तीन बटणं दिली. काळा रंग मारला. वीस दिवसांनी मी शेडच्या बाहेर उभी राहिले, तेव्हा गल्लीतली माणसं हातातलं काम टाकून जमली. मित्रांनो, मलाही फार अभिमान वाटला. आपण कुणासाठी आहोत, हा प्रश्न त्या दिवशी मलाही पडला नाही.

मी घरी पोचले, तेव्हा भूमेश्वरी हात पुसत बाहेर आली. तिने माझ्या हँडलला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग हौसेने बसायला गेली. सीटवर कशीबशी चढली, पण दोन्ही पाय अधांतरी राहिले. तिने उजवीकडे झुकून अंगठा टेकवायचा प्रयत्न केला आणि मी कलंडले. टिकेशने मला पटकन धरलं.

"अगं माय! हे तं घोडा आहे," ती हसून म्हणाली.

"शिकशील हळूहळू. तोवर मी सोडून देत जाईन ना तुले," टिकेश म्हणाला.

ती पुन्हा हसली, पण तिची नजर माझ्यावरून खाली, आपल्या पायांकडे गेली. ते मी पाहिलं.

पहिला महिनाभर टिकेशने खरोखरच तिला टोल्यावर नेलं-आणलं. मग त्याची कामं वाढली आणि माझं नावही वाढलं. रविवारी तलावाच्या पाळीवर, त्या रुंद बांधावर, मोटारसायकलवाल्यांशी शर्यत लागायची. मी आवाज न करता सुटायचे आणि बाकीच्या गाड्या धूर काढत मागे राहायच्या. लोक मोबाइलवर माझं चित्रण करायचे. थेट तालुक्याच्या तिरोड्यापर्यंत माझी चर्चा होती. "टिकेशभाऊची गाडी" असंच मला सगळे म्हणत. ती भूमेश्वरीची आहे, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

घरी आले की मी घरापुढच्या छपरीत चार्जिंगला उभी असायचे. सकाळी भूमेश्वरी खांद्याला पिशवी लावून माझ्या शेजारून जायची, कधी पायी, कधी त्या जुन्या सायकलवर. एकदाच तिने विचारल्याचं मला आठवतं.

"प्रेमिलाले नववा लागला. पाय सुजले तिचे. आज टोल्यावर सोडून देता का?"

"काल तिरोड्याले जाऊन आलो ना, बॅटरी पुरी उतरली. चार्ज होऊन राहिली," टिकेश म्हणाला.

 तिने छत्री घेतली आणि ती निघाली.

पुढे टोल्यावरची ती प्रेमिला बाळंत झाली. मुलगी झाली. बाळ आठ दिवसांचं असताना सकाळी भूमेश्वरीचा फोन वाजला. बाळ रात्रीपासून दूध ओढत नव्हतं, अंग गार लागत होतं. इतक्या लहान बाळाचं असं होणं म्हणजे काय, हे भूमेश्वरीला चांगलं ठाऊक होतं. टिकेश मित्राच्या गाडीने राइस मिलवर गेला होता. पायी जायचं तर तास लागणार होता, आणि सायकल पंक्चर होती.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. खिळ्यावरची किल्ली काढली. एक पाट आणून माझ्याशेजारी ठेवला, त्यावर पाय देऊन सीटवर चढली. किल्ली फिरवली.

मित्रांनो, इथेच घात झाला. मी सुरू होताना आवाज करत नाही. लहानसा दिवा तेवढा लागतो आणि सकाळचं ऊन त्या दिव्यावर पडलं होतं. "चालू नाई झाली का?" असं पुटपुटत तिने मूठ पिळली. रविवारच्या शर्यतीनंतर टिकेशने मला तिसऱ्याच बटणावर ठेवलं होतं. पाच हजार वॉटची ती सगळी ताकद एका झटक्यात माझ्या मागच्या चाकात आली आणि मी अंगणातून उडाले. तोल सांभाळायला तिने हँडल घट्ट धरलं. त्याने मूठ आणखीच पिळली गेली. मला थांबायचं होतं. पण यंत्राला मूठ सांगेल तेच करावं लागतं. अंगणापुढच्या नाल्याच्या काठच्या दगडावर मी आपटले आणि माझं सगळं वजन तिच्या डाव्या पायावर पडलं.

शेजारचे लोक धावले. मला उचलून बाजूला केलं. तिचा पाय घोट्यापाशी वाकडा झाला होता. चेहरा पांढरा पडला होता. तशातही ती पहिल्यांदा काय बोलली, ते माझ्या कानात अजून आहे.

"पहिले लीलाबाईले फोन लावा. प्रेमिलाचं लेकरू दूध नाई पिऊन राहिलं. मंग माझं पाहा."

लीलाबाई मडावी ही शेजारच्या गावची आशाताई. ती हातातला स्वयंपाक टाकून जंगलातल्या पायवाटेने धावत टोल्यावर पोचली. बाळाला छातीशी धरून, लुगड्यात गुंडाळून डांबरी रस्त्यापर्यंत आणलं आणि दवाखान्यात पोचवलं. बाळ वाचलं. ते कळलं तेव्हा भूमेश्वरी गोंदियाच्या दवाखान्यात पडून होती. तिच्या पायात सळई घालावी लागली.

हाड जुळलं, पण घोटा पूर्वीसारखा वळेना. काठी घेऊन ती अंगणात फिरू लागली, बाजारापर्यंत जाऊ लागली. टोल्याची वाट मात्र तिला जमेना. सहा महिने वाट पाहून तिने स्वतःच काम सोडत असल्याचं लिहून दिलं. टोला आता लीलाबाईकडे आला. ती रजिस्टर न्यायला आली, तेव्हा भूमेश्वरीने तिला एकेका घराबद्दल सांगितलं. कोण गोळ्या घेतो असं सांगून फेकून देतो, कोणाच्या घरी कुत्रा चावतो, कोणती सून सासूसमोर बोलत नाही. सांगता सांगता दुपार झाली.

त्याच आठवड्यात टिकेश छपरीत माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "विकून टाकतो हे गाडी."

भूमेश्वरी पाय लांब करून तांदूळ निवडत होती. "गाडीचा का दोष आहे?"

"मंग माझा आहे, असं म्हन ना!"

"म्हनत नाई हो मी. पन मी कशी गाडी मांगितली होती, ते सांगा बरं एकदा."

टिकेश बोलायला गेला आणि अडखळला. "लहान... लाल रंगाची?"

"रंगाचं तं मी बोललीच नोहोती."

तो तिच्यासमोर खाली बसला.  मग भूमेश्वरीने तेच सगळं पुन्हा एकदा सांगितलं, रागाविना, सावकाश. टिकेशने ते कागदावर उतरवून घेतलं. मला वाटतं, बायकोचं बोलणं त्याने इतक्या लक्ष देऊन पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"चाल माझ्यासंग गोंदियाले," तो म्हणाला.

"आता मले कायले नेता?" ती म्हणाली, आणि गेली नाही.

पिकअपमध्ये घालून टिकेशने मला उमेंद्रकडे नेलं. सगळं ऐकून उमेंद्रने माझ्या सीटवर हात ठेवला. "गलती मेरी भी है, भैया," तो म्हणाला. "हाइट पूछी मैंने, फिर भी बना दिया." त्याने माझा सांगाडा कापला, सीट खाली आणली, ती दांडगी मोटर काढून छोटी बसवली, तीन बटणांच्या जागी एकच वेग ठेवला. निम्मी बॅटरी उतरवली. कापताना मला दुखलं असेल असं तुम्हाला वाटेल. खरं सांगते, मला हलकं वाटलं.

घरी आल्यावर टिकेशने मला अंगणात उभं केलं. "बसून पाह्य एकदा. पाय टेकतात का ते पाहू."

भूमेश्वरी काठी टेकत आली. सीटवरून हात फिरवला. "मस्त झाली."

"मंग बस ना."

"नाई हो. मले भेव लागते आता."

त्याने आग्रह केला नाही. पुढचे कितीतरी महिने मी अंगणात उभी होते. टिकेश मला रोज पुसायचा, टायरमध्ये हवा भरायचा आणि स्वतः तिरोड्याला एसटीने जायचा. तलावाच्या पाळीवर तो पुन्हा गेला नाही.

एक दिवस लीलाबाई आली. आपलं गाव आणि हा टोला, दोन्हीकडे पायी फिरून तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. भूमेश्वरीने तिला चहा दिला आणि म्हणाली, "हे गाडी घेऊन जा तू."

टिकेश चमकला. "तुझ्यासाठी बनवली ना ते!"

"माझ्यासाठी बनवली म्हणून तं मी देऊन राहिली."

मग खाटेवर बसून तिनेच लीलाबाईला शिकवलं. "किल्ली फिरवली का चालूच असते ते. आवाज नाई येत तिचा. पहिले बिरेक धर. मूठ एकदम नको पिळू." लीलाबाई बसली. तिचे दोन्ही पाय आरामात जमिनीला टेकले. अंगणात चार फेऱ्या झाल्यावर ती फाटकातून बाहेर पडली. भूमेश्वरी काठी धरून दारात उभी होती.

"प्रेमिलाच्या घरापुढं उतार आहे, सांगाचं राहून गेलं," ती टिकेशला म्हणताना मी ऐकलं.

"फोन करू का?"

"राहू द्या. दिसन तिले."

आता मी आठवड्यातून तीनदा टोल्यावर जाते. धुऱ्यावरून लीलाबाई मला हाताने ढकलते. प्रेमिलाची मुलगी माझ्यामागे पळत येते. टोल्यावरच्या म्हाताऱ्या बाया दर खेपेला विचारतात, "भूमेश्वरी कधी येते वो?" म्हणून लीलाबाई हल्ली जाताना मला मुद्दाम भूमेश्वरीच्या दारात थांबवते. "बस मागं. हळूहळू जाऊन येऊ," म्हणते. भूमेश्वरी म्हणते, "पुढच्या खेपेले." असं तिने बरेचदा म्हटलं आहे.

मित्रांनो, मला धुवा, पुसा, माझी बॅटरी जपा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. तेवढं लीलाबाई करते. माझं मागणं दुसरंच आहे. तुमच्या घरातल्या आईने, बहिणीने, कुणीही एखादी वस्तू मागितली, तर ती कशी हवी ते नीट ऐका. विसरलात तर पुन्हा विचारा. आणि घ्यायला जाताना त्या माणसाला बरोबर न्या. वस्तू कितीही भारी असली, तरी ती कुणाच्या हाती जायची आहे, हे तिला स्वतःहून कळत नाही. मला कळलं नव्हतं.