टेबलाखालचा ब्रेक

आमची सून जेवताना टेबलाखाली ब्रेक दाबते. समोरून कुणी भांडं घेऊन आलं, की हिचा उजवा पाय फरशीवर दाणकन. मुलगा म्हणतो, "सवय आहे आई, जाईल." सवय काही गेली नाही. गेली ती झोप आणि भूक, आणि मुक्कामाला आली पाठदुखी.

इतकी वर्षं हिने शहरातली मोठी बस चालवली. मग डेपोत बढती मिळाली. टेबल, फोन, फिरती खुर्ची. सून साहेब झाली म्हणून मी गल्लीभर सांगून आले. आणि साहेबांचं तोंड बघावं तर एरंडेल प्यायल्यासारखं. डॉक्टरने सगळं तपासलं, काही निघालं नाही.

खुर्ची कायमची हवी की परत बस, हे तिला शनिवारी डेपोत सांगायचं होतं. मुलगा म्हणे, "मिळालेली खुर्ची कुणी सोडतं का?" ती ताट सरकवून उठली.

शुक्रवारी मी डोळे दाखवायला निघाले. बसवरचा नंबर तेवढा मला वाचता येतो. चढले, तर स्टिअरिंगवर आमचीच सून. ड्रायव्हर आजारी, बदली मिळेना, म्हणून हिला धाडलेलं. मला बघून म्हणाली, "आत सरका, दार अडवू नका." मला.

बसले आणि बघत राहिले. एक म्हातारा काठी टेकत चढला. तो नीट बसेपर्यंत गाडी हलली नाही. मागचे गाडीवाले हॉर्न बडवत होते, ही ढिम्म. दाराशी लोंबकळणाऱ्याला आरशातूनच म्हणाली, "दादा, आत या. घरी कुणी वाट बघत असेल. नसलं तरी या." अख्खी बस हसली. वळण असं घेतलं, की माझ्या मांडीवरची पिशवी सरकली नाही.

संध्याकाळी ती दोनदा मागून जेवली. मी चमचा पाडल्याचं निमित्त करून टेबलाखाली वाकले. पाय गपगार.

मुलाने पुन्हा टकळी लावली, "अगं, पण खुर्चीचा मान..."

"तू जेव," मी त्याला म्हटलं, आणि तिच्याकडे वळले. "हे बघ सूनबाई, डॉक्टरला सापडलं नाही ते दुखणं मला बसमध्ये सापडलं. उद्या सांगून ये, खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या, मला माझी गाडी द्या. गल्लीत काय सांगायचं ते मी बघते. आणि दार अडवू नका म्हणालीस, ते बरोबरच होतं. फक्त सासूला जरा हळू म्हणत जा."