उणे ऐंशीतलं कुटुंब

संशोधक बाईच्या दोन बरगड्या, गेल्या महिन्यात मोडलेल्या.

एक प्रथिन, एकाच कुळातल्या बारांपैकी. पोटात खळगा, खळग्यावर झाकण. कोलेस्टेरॉलपासून बनलेला रेणू आत शिरला की झाकण मिटतं.

काकूंची करंगळी, वाकडी जुळलेली.

बाईच्या नवऱ्याचे सकाळपासून एकोणीस कॉल, एकही न उचललेला.

खाली काच फुटली. पाठोपाठ पहारेकऱ्याची किंकाळी.

संशोधक बाईच्या हातातली नळी बर्फात पडली. "तोच आहे," ती म्हणाली. प्रयोगशाळेतल्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ काकूंनी तिला दंडाला धरून शीतखोलीत ढकललं आणि जाड दार ओढून घेतलं.

तिचा नवरा आत आला. हातात भिंतीवरून उपटलेलं आग विझवायचं सिलिंडर, शर्टावर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त. वाटेतला सूक्ष्मदर्शक त्यानं एका फटक्यात आडवा केला.

"आमचं कुटुंब कुठं लपलंय? बोल म्हातारे, नाहीतर तुझंच डोकं फोडतो."

काकूंनी चष्मा वर सरकवला.

"कुटुंब होय? ते शेवटच्या खोलीत. सरळ जा, डावीकडं."

तो धावला. खोलीत माणूस नव्हतं. उणे ऐंशी अंशांवरचा भिंतीएवढा फ्रीजर होता आणि त्यावर संशोधक बाईच्या अक्षरातली चिठ्ठी: 'कुटुंब (बारा जण). कृपया हात लावू नये.'

पहिल्या घावात कुलूप तुटलं. मग कप्पे बाहेर आले, प्रथिनांच्या नळ्या फरशीवर फुटल्या, बुटाखाली चुरडल्या. प्रत्येक घावाबरोबर तो तिचं नाव घेत होता. तिसऱ्या कप्प्याची लोखंडी चौकट त्यानं उघड्या हातांनी ओढली. तळवे तिला चिकटले. हिसका देऊन त्यानं हात सोडवले. कातडी चौकटीवरच राहिली.

त्याच्या ओरडण्यात बाहेरची कडी लागल्याचा आवाज त्याला ऐकू आला नाही.

पोलीस येईपर्यंत तो दारावर लाथा घालत होता. काकू समोर स्टुलावर बसून होत्या, मांडीवर सूक्ष्मदर्शकाचं तुटलेलं भिंग घेऊन.

शीतखोलीतून बाहेर आलेल्या बाईचे दात वाजत होते. शेवटच्या खोलीतून पाणी वाहत येत होतं.

"सगळे गेले?"

"बाराही."

"सहा महिने, काकू."

"पुन्हा काढू. तू आहेस ना."

तिनं पाण्याबरोबर वाहत आलेली चिठ्ठी उचलली.

"तो कुणाला विचारत होता, तुम्हाला खरंच कळलं नाही?"

"आता वय झालं, बाई," काकू म्हणाल्या आणि पोछा आणायला उठल्या.

काकूंचे यजमान हयात असेपर्यंत चारचौघांत त्यांना 'आमचं कुटुंब' म्हणत. करंगळी त्यांनीच दारात चेंगरली होती.