ब्रेकमधलं पाणी

कर्सियांगच्या उतारावर नोर्देनच्या जीपचा ब्रेक दाबताच थेट तळाला गेला. आठ उतारूंसह जीप डोंगराला घासत कशीबशी थांबली. ओढून आणलेल्या जीपची ब्रेक ऑइलची डबी गॅरेजवाल्या बिष्णुमायाने उघडली आणि तिचं डोकंच भडकलं.

"नोर्देनदाजू, मोठ्या भावासारखा तू, आणि यात पाणी ओतलंस?"

"थोडंसंच. ऑइल गळत होतं ना."

"उतारावर ब्रेक तापले, पाण्याची वाफ झाली. ऑइल दबत नाही, वाफ दबते! मग तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचणार कुठून?"

"ओरडू नकोस, बहिनी. संध्याकाळी सिलिगुडीची फेरी आहे."

बिष्णुमायाने पुढची दोन्ही चाकं काढली, दुकानात ढकलली आणि कुलूप घातलं.

"जा, मार फेरी!"