लाईट गेल्यानंतरचं मंचुरियन

भिमाबाईच्या घरात मंचुरियन येसराच्या आमटीत पोहायचं. ज्याला हसायचं असेल त्यानं आत्ताच हसून घ्यावं, कारण ते तसं का व्हायचं हे कळलं की हसू जरा आवरतं घ्यावं लागतं. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि काळा मसाला भाजून एकत्र दळलेलं पीठ. आमच्या भागात लग्नाच्या पंगतीतली आमटी त्याच्याशिवाय होत नाही. आता ते पीठ आणि चिनी मंचुरियन यांची सोयरीक कुणी जमवली म्हणाल, तर भिमाबाईच्या नवऱ्यानं. म्हणजे कोंडिबानं.

कोंडिबा तेरजवळच्या सबस्टेशनात ऑपरेटर होता. वरून फोन आला की फीडर बंद करायचा आणि गावाची लाईट घालवायची, हे त्याचं काम. लोडशेडिंगच्या त्या वर्षांत लोक वीज खात्याला शिव्या द्यायचे आणि खात्याचा माणूस म्हणून त्या ऐकायला कोंडिबाच समोर असायचा. त्यातल्या सगळ्यात कडक शिव्या त्याला घरात मिळायच्या.

कारण दुपारी एक वाजता टीव्हीवर रेसिपीचा कार्यक्रम लागायचा. शेतातली खुरपणी उरकून, भाकरतुकडा खाऊन भिमाबाई पदरानं तोंड पुसत टीव्हीसमोर फतकल मारून बसायची. वर भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली टीव्हीत जांभळ्या साडीतली रेसिपीवाली बाई. ती बाई काय काय कापायची, काय काय ढवळायची. तिच्या कढईला कधी काही लागायचं नाही आणि साडीवर कधी शिंतोडा उडायचा नाही. भिमाबाई एकटक बघायची. आणि बाई कढई गॅसवर ठेवून "आता आपण..." म्हणाली रे म्हणाली, की लाईट जायची. दर दुपारी. सव्वाच्या ठोक्याला. सकाळी तोच कार्यक्रम परत दाखवायचे, पण सकाळी नळाला पाणी यायचं, आणि पाणी सोडून टीव्ही बघायची ऐपत आमच्या गावात कुणाची नव्हती.

"आज पाच मिनटं उशिरा घालवा की वो," ती कोंडिबाचा डबा भरताना म्हणायची.

"तुझ्या मंचुरियनसाठी सगळ्या गावाची लाईट चालू ठिवू व्हय? वरून टाइम येतोय."

"वरून टाइम येतोय. वर माझी सासू बसलीय का?"

पण लाईट जायचीच. आणि भिमाबाई काही गप्प बसणारी नव्हती. अर्धी रेसिपी त्या बाईची, उरलेली अर्धी भिमाबाईची, असा कारभार सुरू झाला. पिझ्झ्याचं पीठ मळेपर्यंत लाईट होती, मग तो कांदा-तीळ लावून तव्यावर धपाट्यासारखा उतरला. कस्टर्डचं दूध आटेपर्यंत लाईट होती, मग त्यात गूळ आणि सुंठ पडली. मंचुरियनचे कोबीचे गोळे तळून झाले आणि लाईट गेली. गोळे समोर, हात कमरेवर. आता एवढे गोळे कशात सोडायचे? कशात म्हणजे, येसराच्या आमटीत. दुसरं काय असणार? टीव्हीतली बाई तेच करत असणार, याबद्दल भिमाबाईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

त्यांची एकुलती एक लेक श्रावस्ती तेव्हा शाळेत होती. ती आणि तिच्या मैत्रिणी या पदार्थाला 'लाईट गेलेलं मंचुरियन' म्हणायच्या. भिमाबाई "गप खावा" म्हणायची. श्रावस्ती गप खायची, आणि वाटी चाटून पुसून परत पुढं करायची. पण चांगलं झालंय असं काही ती म्हणायची नाही. घरच्या जेवणाला चांगलं म्हणायची आपल्याकडं पद्धतच नाही. मीठ कमी पडलं तर तेवढं बोलायचं.

दहावीचा निकाल लागला तेव्हा कोंडिबानं दोघींना जिल्ह्याच्या गावाला नेलं. हॉटेलात. पडदा लावलेल्या फॅमिली रूममध्ये तिघं बसली, भिमाबाईनं पंख्याखालची जागा धरली. श्रावस्तीनं ऐटीत मंचुरियन मागवलं. आलं ते चकचकीत, चिकट, काळपट लाल. भिमाबाईनं एक गोळा तोंडात टाकला, जरा वेळ छताकडं बघितलं आणि वेटरला हाक मारली.

"बाळा, येसर संपलं का तुमचं?"

"काय संपलं मावशी?"

"येसर. बिनयेसराचं दिलंय तुमी. संपलं आसंल तर आसू दे, पर गिऱ्हाइकाला सांगावं."

श्रावस्तीला वाटलं, टेबलाखाली शिरावं. कोंडिबा मात्र मिशीत हसत होता. परतीच्या एसटीत भिमाबाई खिडकीशी बसून म्हणाली, "शिकतील हळूहळू. त्यांच्याकडं पन लाईट जात आसंल."

ही झाली मागची गोष्ट. श्रावस्ती आता पुण्यात एका लॅबमध्ये नोकरीला आहे. एकटी राहते, चांगलंचुंगलं खाते. रात्री जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून रेसिपीचे व्हिडिओ बघायचे, ही सवय तिला लागलीय. आईचं रक्त, दुसरं काय. आईनं पाठवलेलं येसर वापरून तिनं ते मंचुरियन करून बघितलं, एकदा नाही, पुष्कळदा. जमलं नाही. प्रत्येक वेळी एकतर नुसती आमटी व्हायची नाहीतर नुसते गोळे. दोन्हीचं लग्न काही लागायचं नाही. मग ती बाहेरून मागवायची आणि खाताना तिला घराची इतकी आठवण यायची की ती डबा तसाच झाकून ठेवायची.

अशाच एका रात्री मोबाईलवर तीच जांभळी साडी समोर आली. कुणीतरी तो जुना कार्यक्रम टाकला होता. भाग मंचुरियनचा. श्रावस्तीनं हातातला घास ताटात ठेवला. बाईनं गोळे तळले, कढई गॅसवर ठेवली, "आता आपण" म्हणाली, आणि लाईट गेली नाही. बाईनं लसूण परतला, सोया सॉस घातला, व्हिनेगर घातलं, कॉर्नफ्लॉवरचं पाणी ओतलं. झालं. वरून कांद्याची पात.

श्रावस्ती आधी हसली, मग रडली. आई आयुष्यभर म्हणत आली होती, "मरायच्या आत एकदा त्या बाईचा शेवट बघायचाय मला." तो शेवट आता तिच्या मोबाईलमध्ये होता. तो आईला दाखवला तर तिची एवढ्या वर्षांची इच्छा पुरी होणार होती. आणि दाखवला तर आपण सगळं चुकीचं करत आलो, हेही तिला कळणार होतं. त्यानंतर ती पुन्हा कधी गोळे आमटीत सोडेल का? श्रावस्तीला ते मंचुरियन हवं होतं, आणि ते करणारी आईही तशीच हवी होती, कमरेवर हात ठेवून उभी राहणारी. सुट्टी काढून ती गावी निघाली, तर पुण्याहून धाराशिवपर्यंत एसटीत तिच्या डोक्यात हेच चाललं होतं. तिथं तेरची गाडी धरली तरी तिचं काही ठरलं नव्हतं.

घरी आल्यावर तिनं आधी वडिलांना गाठलं. कोंडिबा रिटायर होऊन अंगणात पेपर वाचायला मोकळा झाला होता.

"जयभीम आबा. एक दाखवायचंय तुम्हाला," म्हणून तिनं त्याला सगळं सांगितलं.

कोंडिबानं चष्मा काढला, पुसला, परत लावला. "नको दाखवूस तिला."

"का?"

"नको म्हनलं ना. ऱ्हाऊ दे."

तेवढ्यात भिमाबाई चहा घेऊन आली. "काय खुसुरफुसुर चाललीय बापलेकीची? माझ्यापासून काय लपवताय?" तिचा चेहरा असा उजळ होता, की श्रावस्तीला खोटं बोलवेना. तिनं मोबाईल पुढं केला.

भिमाबाई पायरीवर बसली. साडी बघताच तिनं बाईला ओळखलं, माहेरचं माणूस भेटल्यासारखी हसली. "आगं, हीच की." गोळे तळून झाले, कढई गॅसवर चढली, आणि भिमाबाईनं नकळत वर, ओसरीतल्या दिव्याकडं बघितलं. दिवा चालू होता. तिनं परत खाली बघितलं. शेवटपर्यंत बघितलं. मग म्हणाली, "येसर न्हाय घातलं."

श्रावस्तीनं मोबाईल परत घ्यायला हात पुढं केला.

"परत लाव."

तिनं परत बघितलं. "न्हायच घातलं," म्हणाली, आणि पेले गोळा करून आत गेली. रात्री जेवणं झाली, पण भिमाबाई अर्ध्या ताटावरून उठली. श्रावस्तीला वाटलं, आपण फार वाईट काम केलं. कोंडिबानं तिच्याकडं एकदाच बघितलं, तेवढं पुरे झालं.

सकाळी उठल्याउठल्या भिमाबाई म्हणाली, "ते काळं सॉस आन. आन ते व्हिनीगर. आता बरोबर करू."

आणायला काय, आता गावातल्या किराणा दुकानातही त्या बाटल्या मिळतात. श्रावस्तीनं आणल्या. भिमाबाईनं कोबी किसला, गोळे वळले, तळले. इथपर्यंत तिचा हात नेहमीसारखा चालला. मग तिनं लेकीला मोबाईल धरून समोर उभं केलं.

"एवढं सॉस घालू?"

"घाल."

"लई झालं का? बरोबर हाय का गं?"

"बरोबर आहे आई."

"पानी आता घालायचं का मंग? तू बघून सांग. मला काय कळतंय."

शेजारपाजारच्या लग्नात चुलीपुढं उभं राहून अख्ख्या पंगतीची आमटी अंदाजानं उतरवणारी बाई, ती आता चमचा हातात धरून लेकीच्या तोंडाकडं बघत होती. मोबाईल विहिरीत टाकावा असं श्रावस्तीला वाटलं.

तिघं जेवायला बसली. मंचुरियन चकचकीत झालं होतं, हॉटेलात मिळतं तसं. वर कांद्याची पातही होती.

"छान झालंय," श्रावस्ती म्हणाली. आईच्या हातच्या जेवणाला ती जन्मात पहिल्यांदा छान म्हणाली, आणि तेही मनात नसताना.

"झालंय ना? मंग झालं." भिमाबाईनं ताटातला गोळा बोटानं इकडचा तिकडं केला. "त्या हॉटेलातल्या पोराला म्या उगंच बोलले. त्याचं बरोबर हुतं. इतकी वर्सं म्या तुमाला चुकीचं खाऊ घातलं, एकानं तोंड उघडलं न्हाय."

"आई, मला तेच आवडायचं. तेच हवं म्हणून तर आले मी."

"समजूत नको घालूस. कधी म्हनलीस तसं? चेष्टा करायचीस नुसती. मला कळत नव्हतं व्हय? बिचारी चालवून घेत्यात, आसं वाटायचं. म्हून तर एकदा शेवट बघायचा हुता. म्हनलं, एकदा तरी तुमाला नीट करून घालावं."

परत पुढं केलेल्या वाटीत आईला सगळं कळलं असेल, असं श्रावस्ती आजवर धरून चालली होती. आईला त्यातलं काही कळलं नव्हतं. नुसती चेष्टा तेवढी ऐकू गेली होती.

कोंडिबानं ताट बाजूला सरकवलं आणि घसा खाकरला.

"पाच मिनटं लाईट ठिवता आली आसती मला."

भिमाबाईनं मान वर केली. "काय?"

"सव्वाचा टाइम आसायचा. पर पाच-धा मिनटं हिकडंतिकडं झाली तर कोन इचारत नव्हतं. बाकीचे ऑपरेटर समदे करायचे. पोरगं आभ्यासाला बसलंय, दळन चाललंय, म्हून ठिवायचे जराशी."

"मंग तुमी का न्हाय ठिवली?"

"पयल्यांदा भ्यालो, खरं सांगतो. मंग ती गोळ्याची आमटी खाल्ली." कोंडिबा ताटाकडंच बघत होता. "दुसऱ्या दिवशी तू पाच मिनटं मागितलीस. म्हनलं, दिली आन त्या बाईनं भलतंच काय शिकवलं तर? आपली आमटी जायची. मंग म्या घड्याळ बघून, सव्वाच्या टोल्याला खटका वढायचो."

"दर दुपारी?"

"दर दुपारी."

"मुद्दाम?"

"व्हय, मुद्दाम."

श्रावस्ती बापाच्या तोंडाकडं बघत राहिली. हे खरं की बायकोसाठी आत्ता बसल्याजागी रचलेलं, तिला सांगता येईना. भिमाबाईला मात्र ते पुरेपूर खरं वाटलं. तिचे कान लाल झाले.

"आवं, म्या हात जोडले तुमच्यापुढं. पाच मिनटं मागितली. डबा भरताना रोज मागितली. आन तुमी तिकडं घड्याळ घिऊन बसायचा? लाज वाटत न्हाय वो? समद्या गावाच्या लाईटीशी खेळताय, बायकोशी खेळताय..."

ती उठली. बोलता बोलताच तिनं रिकामी कढई गॅसवर ठेवली, तेल ओतलं, फडताळातून डबा काढला. कोंडिबाच्या नोकरीचा उद्धार झाला, त्याच्या मिशीचा झाला, मग त्याच्या आईकडच्या नातलगांचा झाला. फोडणी तडतडली. येसर पाण्यात कालवून कढईत पडलं, घरभर वास सुटला. तिनं चव बघितली, मीठ टाकलं, परातीत उरलेले कोरडे गोळे आमटीत सोडले, आणि हे सगळं करताना तिनं कुणालाही, एकदासुद्धा, बरोबर आहे का म्हणून विचारलं नाही.