इग्नातिससाठी उकडलेला गहू

"यापूर्वी बेटावर गेला होतात?" परवानगीच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

"गेलो नव्हतो. नेलं होतं," पोलिदोरोस आजोबा म्हणाले.

"मुक्काम किती दिवस?"

"तीन वर्षं, दोन महिने."

बाईंचं पेन थांबलं. "आजोबा, जास्तीत जास्त तीन तास राहता येतं."

"मीही तेव्हा तेच म्हणत होतो."

बोट माझी, म्हणून सहीसाठी मीही उभा होतो. आजोबा आमच्या गल्लीतले चांभार, वय एक्क्याण्णव. सरकारला नकोशी झालेली माणसं यारोस बेटावर नेऊन टाकत, त्या काळात एकोणिसाव्या वर्षी हेही तिथे दगड फोडून आले. हजेरीत यांचा क्रमांक चारशे सतरा, इग्नातिसचा चारशे अठरा. इग्नातिस तिथेच राहिला, किनाऱ्यालगत पुरलेला. तुझ्या नावाचा गहू घेऊन येईन, असं आजोबा त्याला सांगून आले होते. मेलेल्या माणसासाठी आम्ही गहू उकडतो. वर साखर, डाळिंबाचे दाणे.

पण तो न्यायचा कसा? पुढे तिथे नौदल तोफांचा सराव करू लागलं. नौदल गेलं तर समुद्रातल्या सील आल्या, आणि जगात फार थोड्या उरल्यात म्हणून त्यांच्यावर पहारा बसला. पूर्वी कुणी सुटू नये म्हणून होता, आता कुणी शिरू नये म्हणून.

अर्ज सहा वेळा परत आला. एकदा फोटो जुना, म्हणजे माणूस नवा हवा होता. एकदा शिक्का नाही. सहाव्या वेळी गहू.

"धान्य नेता येणार नाही. रुजलं तर?"

"उकडलाय तो, बाई. रुजणार नाही. इग्नातिसही नाही रुजला."

सातव्यांदा परवानगी मिळाली. गहू बंद डब्यात, एकही दाणा सांडायचा नाही.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी निघालो. आजोबांनी नवे तळवे ठोकलेले बूट घातले होते. बेटावरच्या पडक्या कैदखान्याच्या खिडक्या मोजता येऊ लागल्या आणि रेडिओ खरखरला.

"मागे फिरा. धक्क्याजवळ सील व्यालीय."

"आमच्याकडे परवानगी आहे!" मी ओरडलो.

"आहे ना. तिला दाखवा."

दुर्बिणीतून दिसली. कबरींच्या दगडांपुढच्या वाळूत आडवी पसरलेली, कुशीत काळं पिल्लू.

"कधी हलेल?" आजोबांनी विचारलं.

"दोन-तीन महिने तरी नाही," मी म्हणालो.

"हिने किती अर्ज भरले होते रे?"

मला हसू आलं नाही. मी पहारेकऱ्याला दोन शिव्या दिल्या, पण रेडिओचं बटण न दाबता.

"बोटीवर माणसं किती?" त्याने विचारलं. "मोजून सांगा, नोंद करायचीय."

आजोबा उठले. बोट डुलत होती. मी पुढे केलेला हात त्यांनी झिडकारला. डबा बाकावर ठेवला, टोपी काढून काखेत धरली, टाचा जुळवल्या. मी बटण दाबलं.

"चारशे सतरा, हजर." मग किनाऱ्याकडे पाहून, जरा हळू, "चारशे अठरा, हजर."

"काही कळलं नाही," रेडिओ म्हणाला. "पुन्हा सांगा."

आजोबांनी पुन्हा सांगितलं.